माझ्या अंगावरचा बोटीचा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी शिवणाची मशीन आहे. पायाची नव्हे, हाताची. उजव्या हाताने माझी मूठ फिरवायची आणि डाव्या हाताने कापड सरकवायचं, एवढंच माझं शास्त्र. माझं वय मात्र विचारू नका. ते शोधता शोधता भल्याभल्यांनी डोकी खाजवली, आणि त्या खाजवण्यात माझा जीव जायची वेळ आली होती.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. कारखाना पुढे बुडाला, पण लोखंड त्यांनी अस्सल ओतलं होतं. त्यांनी माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी उमटवली, पुढच्या पाटावर आपलं नाव घातलं आणि वरून लाखेचं पॉलिश चढवलं. आपल्या तोंडाने सांगू नये, पण मी देखणी होते. त्या कारागिरांचे उपकार मी विसरलेले नाही.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावर स्कारवेल नावाचं मासेमारांचं गाव आहे. तिथल्या रूबेन वेदरिलने लग्न झाल्यावर मला आपल्या बायकोसाठी, हॅनासाठी, घरी आणलं. हॅनाचे हात आणि तोंड दोन्ही सारख्याच वेगाने चालायचे. नवऱ्याचे सदरे, लेकीचे फ्रॉक, उन्हाळ्यात खोली भाड्याने घेणाऱ्या पाहुण्यांसाठी पडदे आणि चादरी, सगळं माझ्या सुईखालून जायचं. हिवाळ्यात वादळ उठलं की बोट किनाऱ्याला बांधून पडायची. तेव्हा त्या घराची चूल माझ्या चाकावर पेटायची. बाई दमायची, मी दमायचे नाही. ती मला तेल घालायला कधी विसरली नाही, मग मी तरी कशी कुरकुरणार?

हॅनाचा डावा तळवा माझ्या पाटावरून इतका फिरला की कारखान्याचं सोनेरी नाव पार पुसून गेलं. नंबराची पितळी पट्टी तर कधीच निखळून हरवली होती. एका वसंतात रूबेन आपल्या बोटीला रंग देत होता. तिकडे बोटीच्या पुढच्या अंगावर बंदराची अक्षरं आणि नंबर लिहायची पद्धत आहे. ते काम उरकून तो उरलेला पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेऊन घरात आला, आणि माझ्या पाटावर त्याने झोकात लिहिलं : डब्ल्यू वाय ४१९.

"हे काय आरंभलंत?" हॅनाने विचारलं.

"बोटीला नंबर लागतो. मग हिला का नको? निम्मं घर हीच ओढते."

"आणि रंग वाळेपर्यंत तुमच्या सदऱ्याची बाही काय मी दातांनी शिवू?"

बोलली खरी, पण त्या दिवशी तिने मला हात लावला नाही. रंग नीट वाळू दिला.

पुढे विजेची मशीन आली आणि मी जिन्याखाली गेले. त्याचा मला राग नाही, प्रत्येकाचा काळ असतो. समुद्रातले मासे कमी झाले. एकेक बोट मोडीत निघाली, त्यात रूबेनचीही गेली. मग रूबेन गेला, हॅना गेली. त्यांची लेक विनी म्हातारी झाली आणि एक दिवस तिला अर्धांगवायूचा झटका आला. ती इस्पितळात असताना चुलतभावाने घर आवरलं आणि मला भंगारवाल्याच्या गाडीत चढवलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

फिरत फिरत मी समुद्रापासून लांब, डर्बी शहरात, सिरिल हॅमंडच्या हाती आले. सिरिलने जन्मभर बसची इंजिनं दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर त्याला जुन्या शिवणाच्या मशिनी जमवायचं वेड लागलं. जेवणाच्या टेबलावर मशिनी, पलंगाखाली मशिनी. त्याची बायको मॉरीन म्हणायची, "मलाही एखाद्या जत्रेत विकून ये सिरिल. जो घेईल तो निदान अधूनमधून पुसून तरी ठेवेल."

त्या घरात एक नियम होता. जिची ओळख पटली ती कपाटात बसायची. जिची पटली नाही तिचे सुटे भाग दुसऱ्या मशिनींना लागायचे. माझी ओळख पटवायला सिरिलचा मित्र नेव्हिल आला. जुन्या मशिनींच्या मंडळात त्याचा शब्द शेवटचा. माझ्या पोटातला, खालचा दोरा नेणारा होडीसारखा धोटा बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, कारण त्याच्या एका मशीनला तसलाच हवा होता.

दोघांनी माझ्या पाटावरची अक्षरं वाचली आणि तीच कारखान्याची खूण समजून जाडजाड पुस्तकं उपसायला बसले. नेव्हिल आधी म्हणाला जर्मन, मग म्हणाला स्वीडनची. मला हसावं की रडावं कळेना. अरे बाबांनो, ती बोट आहे, बोट! पण मशीनला तोंड कुठून असणार?

शेवटी नेव्हिल म्हणाला, "हा कुणीतरी घरी फासलेला रंग आहे. स्पिरिटने काढून टाक, खाली खरं नाव सापडेल. नाही सापडलं, तर धोटा माझा."

खाली काहीच नव्हतं. वरचा रंग गेला असता, त्याबरोबर लाखेचं पॉलिश गेलं असतं, आणि रूबेनच्या हातचं अक्षर जगातून नाहीसं झालं असतं.

तेवढ्यात त्यांची सुट्टी आली. सिरिलने मला गाडीत टाकलं, बरोबर स्पिरिटची बाटलीही घेतली.

"समुद्रावर हे घेऊन काय करणार आहेस?" मॉरीनने विचारलं.

"पाऊस पडेलच. खोलीत बसून हिचं काम उरकीन."

आणि पाऊस पडलाच. स्कारवेलजवळच्या व्हिटबीच्या बंदरावर, खिडकीशी टेबल ओढून सिरिलने मला पुढ्यात घेतलं. फडकं भिजवलं. उजेड हवा म्हणून पडदा सारला, आणि त्याचा हात तिथेच थांबला. खाली धक्क्याला बोटी बांधलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पुढच्या अंगावर पांढऱ्या रंगात तीच दोन अक्षरं होती. त्याने एकदा बोटींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग फडकं खाली ठेवून तो इतका हसला की मॉरीन धावत आली.

पाऊस थांबल्यावर सिरिल मला उचलून धक्क्यावर घेऊन गेला. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्याने नंबर दाखवला.

"ही वेदरिलची," म्हातारा म्हणाला. "बोटीचं केव्हाच सरपण झालं. पण लेक आहे त्याची, स्कारवेलला."

विनीने दार उघडलं, तेव्हा तिचा उजवा हात नुसता लोंबत होता. सिरिलने मला टेबलावर ठेवलं. डाव्या हाताचं बोट तिने नंबरावरून फिरवलं, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.

"बाबांचा नऊ," ती म्हणाली. "शेपूट नेहमी जास्तच वळवायचे. बोट मोडली तेव्हा मी तेवढी फळी मागायला गेले होते. पोचेपर्यंत जळून गेली होती."

"मी आज हे पुसायलाच बसलो होतो, बाई," सिरिल म्हणाला. "घ्या. तुमचीच आहे."

"घेऊन काय करू? माझा एक हात गेला. हिची मूठ फिरवणार कोण?"

"हा फिरवेल," मॉरीन म्हणाली. "घरी तरी दुसरं काय करतो?"

मग चहा झाला, केक झाला. विनीने उशीचा एक उसवलेला अभ्रा आणला. डाव्या हाताने तिने कापड धरलं आणि सिरिलने माझी मूठ फिरवली.

"हळू," विनी म्हणाली. "बस नाही हाकायची." तिचे डोळे वाहत होते, पण शिवण सरळ येत होती.

मित्रांनो, आता मी विनीच्या खिडकीत असते. दर उन्हाळ्यात सिरिल आणि मॉरीन येतात, आणि वर्षभराचं उसवलेलं आम्ही तिघं-चौघं मिळून शिवतो. माझा कारखाना कोणता ते अजून कुणाला सापडलेलं नाही. नेव्हिल अजून रुसलेला आहे. मला घडवणाऱ्यांची, वापरणाऱ्यांची, अगदी भंगारात घालणाऱ्याचीसुद्धा मी ऋणी आहे, कारण त्याच वाटेने मी घरी आले. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुन्या वस्तूवर कुणाचं वेडंवाकडं अक्षर दिसलं, तर फडकं उचलायच्या आधी विचारा, हे कुणाच्या हातचं? कुठेतरी एखादं माणूस अजून तेच शोधत असेल.