टोमॅटोच्या क्रेटमधली खाण

मित्रांनो, मी एक जुना ग्राफिक्स कार्ड आहे. व्याकरणाप्रमाणे 'जुने कार्ड' म्हणायला हवे, हे मलाही कळते. पण ज्या गेम पार्लरमध्ये माझी पहिली वर्षे गेली, तिथली कॉलेजची पोरे मला 'भाऊ' म्हणत. "भाऊ तापलाय, जरा दम घेऊ दे," असे कोणी म्हटले की मला बरे वाटे. तेव्हापासून मी स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतो. सध्या माझा मुक्काम नाशकात, पंचवटीतल्या एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. एक पाटी, तिच्यावर चिप, चिपवर तांब्याच्या नळ्या आणि वर दोन पंखे, एवढाच माझा देह. पडद्यावर चित्रे उमटवणे हे माझे काम. कॉलेज रोडजवळच्या त्या पार्लरमध्ये मी मोटारी पळवल्या, किल्ले उडवले, विमाने पाडली. पुढे पोरे मोबाइलवरच खेळू लागली, पार्लरला कुलूप लागले आणि मी जुन्या सुट्या भागांच्या दुकानात एका खोक्यात जाऊन पडलो. शेजारी एक मोडका माऊस होता. वर्षभर आमची बोलचाल झाली नाही.

तिथून मला किशोरने आणले. किशोर पंखे आणि कूलर दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला आहे. थोडक्या पैशांत घरबसल्या क्रिप्टोचे, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांचे, मायनिंग करता येते, असे त्याने फोनवर कुठेतरी पाहिले होते. नवे यंत्र घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने जोडाजोड केली. मदरबोर्ड भंगारातून आला, मी खोक्यातून. पॉवर सप्लाय मात्र त्याने नवा घेतला, कारण विजेशी खेळ करू नये हे त्याला धंद्यामुळे माहीत होते. मला ठेवायला लोखंडी सांगाडा हवा होता, तो महाग पडत होता. तेव्हा त्याची बायको तृप्ती बाजारातून टोमॅटोचा रिकामा क्रेट घेऊन आली.

"याला चारी बाजूंनी भोकं आहेत. हवा खेळेल," ती म्हणाली.

पोरगी हुशार आहे. त्या क्रेटमध्ये मला पट्ट्यांनी बांधले आणि खिडकीत ठेवले.

माझे नवे काम गमतीचे होते. क्रिप्टोच्या सगळ्या व्यवहारांची एक सामायिक वही असते. तिचे प्रत्येक पान बंद करायला एक आकडा सापडावा लागतो. तो डोके चालवून सापडत नाही. एकामागून एक आकडे लावून पाहायचे, बस. ज्याचा जुळेल त्याला नवी नाणी. एकट्याने जन्म घालवला तरी जुळायचा नाही, म्हणून हजारो जण मिळून शोधतात आणि मिळेल ते कामाप्रमाणे वाटून घेतात. अशा टोळीला पूल म्हणतात. किशोरने एका पुलात नाव घातले. फोनमध्ये नाणी ठेवायचे पाकीट उघडले. त्या पाकिटाची किल्ली म्हणजे बारा शब्द. ते तृप्तीने कागदावर लिहून नागलीच्या पिठाच्या डब्याखाली ठेवले. आणि मी कामाला लागलो.

पहिले वीजबिल आले तेव्हाच कळले की मी मिळवतो त्यापेक्षा खातो जास्त. पण किशोरला वाटे, नाण्याचा भाव चढेल, थोडे थांबू. म्हणून मला सुट्टी नव्हती. खाली गिरणी सुरू झाली की खिडकीतून पीठ उडत वर येई आणि माझे पंखे ते आत ओढत. महिनाभरात माझ्या पात्यांवर पिठाचा थर बसला. माझा आवाज बदलला. दिवसभर लोकांचे पंखे दुरुस्त करणारा किशोर घरी येऊन फक्त पडद्यावरचे आकडे बघायचा. मला राग येत नव्हता म्हणणे खोटे होईल.

आता भागीबाईंबद्दल सांगायला हवे. भागीबाई म्हणजे किशोरची आई. त्या पेठच्या बाजूला डोंगरातल्या गावी राहतात. किशोरचे वडील सोमा खडीच्या खाणीवर कामाला जात. दगडाची धूळ त्यांच्या छातीत बसली आणि किशोर दहा वर्षांचा असताना ते गेले. त्या दिवशी भागीबाईंनी पोराकडून वचन घेतले होते की खाणीत पाऊल टाकणार नाही. सोमाचा धाकटा भाऊ पुंजा स्वतःही त्याच खाणीवर होता. त्यानेही काम सोडले आणि किशोरला लहानाचा मोठा केला.

एकदा भागीबाईंनी फोनवर सुनेला विचारले, किशोर हल्ली काय करतो. तृप्ती सहज म्हणाली, "कामावरून आले की मायनिंग बघतात." भागीबाईंनी गावातल्या शाळेत जाऊन गुरुजींना अर्थ विचारला. गुरुजींनी इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ बरोबर सांगितला. खाणकाम.

भागीबाईंनी फोन बंद करून ठेवला आणि सगळे पुंजाच्या कानावर घातले. दुसऱ्या दिवशी पुंजा पहिल्या एसटीने पंचवटीत हजर झाला. रविवार होता. किशोर घरीच होता.

"खान कुठं हाय?" पुंजाने दारातच विचारले.

"कसली खाण, काका?"

"मला येड्यात काढू नको. तुझी आई जेवली नाय काल. खानीत गेला असंल तर पोराचं तोंड बघनार नाय, म्हनली."

किशोरचा चेहरा उतरला. तो पुंजाला माझ्यापाशी घेऊन आला.

"ही. एवढीच आहे."

पुंजाने क्रेटकडे पाहिले, मग किशोरकडे. "टमाट्याची?"

तृप्तीने तोंडाला पदर लावला. किशोरने त्याला सगळे सांगितले. आकडे, टोळी, वाटणी.

"म्हंजे मटका?"

"नाही काका. मेहनतीप्रमाणे मिळतं."

"टोळीला मुकादम असंल ना? किती कापतो?"

"शेकड्याला एक."

"हा बरा हाय मंग," पुंजा म्हणाला. आयुष्यभर मुकादमांशी गाठ पडलेला माणूस तो.

एवढ्यात त्याला माझा आवाज ऐकू आला. त्याने कान माझ्याकडे लावला. मी धापा टाकत होतो, खर्र-खर्र, मध्येच अडकून पुन्हा खर्र. पुंजाने खाली वाकून माझ्यावर बोट फिरवले. बोट पांढरे झाले. तो बराच वेळ बोटाकडे बघत राहिला.

"बंद कर," तो म्हणाला.

"काका, चालू राहिलं तरच..."

"बंद कर म्हनतो ना. सोमाचा आवाज असाच यायचा. घरी यायचा तवा असाच पांढरा दिसायचा. तुला आठवत नाय?"

किशोरला आठवत होते. त्याने बटण बंद केले. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी शांतता झाली.

किशोरने ब्रश घेतला आणि माझे पंखे उघडले. तो फुंकर मारणार तोच पुंजाने त्याला अडवले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने पोराच्या नाकातोंडाला बांधला. "आधी तोंड बांध. मंग धुळीला हात लाव." एवढे करून तो खिडकीशी गेला आणि त्याने भागीबाईंच्या शेजाऱ्याला फोन लावून त्यांना बोलावून घेतले. फोनचा आवाज मोठा ठेवायची त्याची सवय, म्हणून पलीकडचेही मला ऐकू आले.

"वैनी, पाहिली खान. खानच हाय ती. पन पोरगा आत नाय. भाएर खुर्चीवर बसतो."

भागीबाई म्हणाल्या, "मंग आत कोन हाय?"

पुंजाने वळून माझ्याकडे पाहिले.

"हाय एक म्हातारा. बोलत नाय. लय धापा टाकत होता, आता निजवलाय."

मित्रांनो, माझे खूप कौतुक झाले आहे, पण असे कोणी माझ्याबद्दल बोलले नव्हते.

मायनिंग त्या दिवशीच संपले. भाव चढला की नाही, ते मला माहीत नाही. तृप्ती आता याच यंत्रावर लग्नांच्या व्हिडिओंचे काम करते आणि मी पुन्हा चित्रे उमटवतो. खिडकीला जाळी आहे. किशोर दर रविवारी ब्रश घेऊन बसतो, तोंड बांधून. दिवाळीत भागीबाई आल्या तेव्हा क्रेटसमोर बसून त्यांनी माझ्या वाऱ्यासमोर हात धरला. "धाप नाय आता," एवढेच म्हणाल्या आणि डोळे पुसून चहा ठेवायला उठल्या.

तुमच्या घरातल्या यंत्राचा आवाज बदलला, तर पडद्यावरचे आकडे सोडून आधी त्याच्याकडे बघा. आणि कुठे धुळीत माणूस काम करत असेल, तर माझ्याही आधी त्याच्याकडे बघा. माझे पंखे त्या रविवारी उघडून पुसता आले. सोमाची छाती कोणाला उघडून पुसता आली नाही.