वारलेल्या अप्पांची वही

जेवणाची सुट्टी संपली तरी कोणी जागेवर बसलं नव्हतं. वीसजण एकाच संगणकाभोवती दाटीवाटीने उभे होते. कचेरीची टिपणं ज्या सामायिक डिजिटल वहीत लिहिली जात, तिच्यात दोन महिन्यांपूर्वी वारलेले हेडक्लार्क अप्पा लिहीत होते!

"कंपनं येताहेत! अप्पा, बोला!" भांडारपालाने आणलेले महाराज डोळे मिटून गरजले.

पडद्यावर अप्पांचं नाव उमटलं. मग एकेक अक्षर : 'माझ्या खुर्चीवरून ऊठ. लेक तापाने फणफणलीय ना? गमावशील.'

अप्पांच्या जागी नेमलेल्या बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. लेकीचा ताप आत्म्याला कसा कळला?

"ताई, द्या राजीनामा," टायपिस्ट कुजबुजली. "जिवापेक्षा का नोकरी मोठी?"

"उद्यापर्यंत मुदत," महाराजांनी बजावलं. "आत्म्याला रजा नसते!"

सगळे पांगल्यावर बाईंनी राजीनामा लिहायला घेतला. कागदाला जागा करायला कीबोर्ड सरकवला, तर खाली अप्पांची चिठ्ठी चिकटवलेली. अप्पा विसरभोळे, वहीतल्या आपल्या खात्याचा पासवर्ड तिथेच लिहून ठेवत आणि ते अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं. ते गेल्यावर भीतीपोटी त्यांच्या खात्याला कोणी हात लावणार नाही, असंच सगळे धरून चालले होते. बाई थबकल्या. मग त्यांनी ते खातं उघडलं आणि पासवर्ड बदलून टाकला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गर्दी. भांडारपाल कालच्यासारखाच "मला नाही बघवत हो!" म्हणत पलीकडच्या भांडारात शिरला.

"अप्पा, बोला!"

पडदा कोराच.

"अप्पा!" महाराजांच्या कपाळावर घाम फुटला.

गर्दीत फक्त भांडारपाल नाही, हे बाईंनी हेरलं. त्यांनी जाऊन भांडाराचं दार ढकललं. भांडारपाल संगणकावर वाकला होता. समोर लाल अक्षरं होती : 'पासवर्ड चुकीचा आहे.'

लेकीच्या तापाचं त्याने त्याच वहीतल्या बाईंच्या रजेच्या टिपणात वाचलं होतं. अप्पांची खुर्ची त्यालाच हवी होती.

"महाराज," टायपिस्टने विचारलं, "आत्म्याला पासवर्ड लागतो होय?"

महाराज दाराबाहेर आपल्या चपला शोधू लागले.

बाईंनी राजीनामा फाडला.

"भीती मलाही वाटली," त्या म्हणाल्या, "आणि उद्याही वाटेल. पण भीतीच्या भरात हातचं सोडण्याआधी एकदा शेजारचं दार उघडून बघत जा."