‘फिट’ची नोंद

‘फिट’ या शब्दाच्या कार्डांचा खोका संपादकबाईंनी तिच्या टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला. ती उठली आणि तो परत आपल्या टेबलावर घेऊन आली.

“हा शब्द माझ्या वाट्याचा आहे, बाई.”

“अगं, काम खूप पडलंय तुझ्याकडे, म्हणून म्हटलं.”

खरे कारण कामाचे नव्हते, हे शब्दकोशाच्या त्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक होते. मागच्या महिन्यात ती याच खोलीत फिट येऊन पडली होती. लहानपणापासूनचा आजार, औषधाने दोन वर्षे गप्प बसला होता. तेव्हापासून सगळे तिला काचेच्या भांड्यासारखे जपत होते, आणि आजारापेक्षा तिला त्याचाच जास्त जाच होत होता.

तिने कार्डे लावायला घेतली. इंग्रजी शब्द इवलासा, तीन अक्षरांचा, पण त्याची बिऱ्हाडे फार. धडधाकट तो फिट. लायक तोही फिट. नळाला तोटी बसवली, ती फिट केली. कपड्याच्या अर्थापाशी ती अडली, तेव्हा तिने शिंपीकाम करणाऱ्या वडिलांना फोन लावला.

“बाबा, कपडा फिट बसला असं कधी म्हणायचं?”

पलीकडे शिलाई मशीन थांबले.

“अंगात घातलाय हे विसरायला होतं तेव्हा. आणि वर्षभरात अंग सुटलं म्हणून उसवायला आणला, तर कपड्याला बोल लावायचा नाही!”

दुपारी ती झटक्याच्या अर्थाकडे वळली. जुने कोश उघडत मागे मागे गेली. मापात बसणाऱ्या ‘फिट’चे मूळ कुणालाच खात्रीने सांगता आले नव्हते. आजाराच्या ‘फिट’चे मात्र सापडले. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होता झुंज. त्याच रूपाचा आणखी एक जुना शब्द होता. त्याचा अर्थ काव्याचा सर्ग.

ती ताडकन उठली.

“ऐकताय का सगळे? मी नुसती पडले नव्हते, झुंजत होते! नाहीतर मग सर्ग रचत होते!”

हसावे की नाही, कुणालाच कळेना. मग कोपऱ्यातले म्हातारे मुद्रितशोधक मान वर न करता म्हणाले,

“रचलास, तर तपासायला माझ्याकडे का नाही आला?”

सगळी खोली खो खो हसली. महिनाभरात पहिल्यांदाच.

संध्याकाळपर्यंत नोंद तयार झाली. उदाहरणाचे वाक्य तेवढे उरले. जुन्या आवृत्तीत होते, ‘त्याला फिट आली आणि तो कोसळला.’ तिने ते खोडून लिहिले, ‘फिट ओसरल्यावर तिने चहा मागितला आणि ती कामाला बसली.’

बाईंनी कागद वाचला. चष्मा कपाळावर सरकवला. लाल पेन उघडले.

“यात चूक आहे.”

“कुठे?”

“चहा नाही, कॉफी मागितली होतीस. दोन चमचे साखर घालून.”

“मला त्यातलं काहीच आठवत नाही. तुम्हाला कसं माहीत?”

“डोकं माझ्या मांडीवर होतं ना तुझं,” बाई म्हणाल्या, आणि ‘चहा मागितला’ खोडून त्यांनी वर नीट अक्षरात लिहिले, ‘कॉफी मागितली’.