पाणी तिरकं उभं राहत नाही

(आमच्या दाराचा दगड वरून खाली वाचायचा. पूरही तसाच उतरतो.)

२ मीटर ४१. जून १८५६

ही रेघ खापरपणजोबांनी कोरली. हात उंच केला तरी माझं बोट तिथे पोचत नाही.

व्हार्नेल दोन मजली गाव आहे. वरचं गाव टेकडीवर, खालचं ल्वार नदीच्या काठाला. चर्च, शाळा, दफनभूमी आणि शहाणपण वरच्यांकडे. आमच्याकडे धक्का, नदीतले वाम मासे आणि भिंतींची ओल. ते आम्हाला ‘ओल्या पायांचे’ म्हणतात. आमच्या घरांच्या तुळयांना लोखंडी आकडे आहेत, पाणी आलं की कपाटं टांगायला. वरच्या गावातली सून पहिल्यांदा घरात आली की आकड्यांकडे बघून तोंड वाकडं करते, पहिल्या पुरानंतर त्यांना तेल लावते.

पाणी उतरलं की झाडू हातात घ्यायच्या आधी छिन्नी घ्यायची, अशी रीत. भिंतीवरची ओली कड वाळायच्या आत तिच्यावर रेघ मारायची, महिना-साल घालायचं, मग चिखल काढायचा. आमचा दगड पांढरा आणि इतका मऊ की नखानेही उमटावं. घरातली माणसं पाथरवट, त्यामुळे गावातल्या निम्म्या रेघा आमच्याच हातच्या.

मी छिन्नी धरली नाही. अडतीस वर्षं वरच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. आमच्याकडे तो एकच विषय आणि एकच बाई. नव्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात रांगेने खाली आणायचे आणि या दगडासमोर उभं करायचे. मधल्या एका रेघेवर मात्र दरवर्षी हात ठेवून बोलायचे. ती अभ्यासक्रमात नव्हती.

२ मीटर ०७. सप्टेंबर १८६६

घर विकलं, ताबा काही महिन्यांनी द्यायचा. गुडघे म्हणाले, विक. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात खोली मिळाली, खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. घेणारा लियाँचा दातांचा डॉक्टर. फार सभ्य माणूस. भिंतीकडेही तो दात बघावेत तसा बघत होता.

“दर्शनी बाजू पूर्ण घासून घेणार,” तो म्हणाला. “आतून शुभ्र दगड निघेल, बघाल तुम्ही.”

“आणि रेघा?”

“पुराच्या रेघांना धक्का लावणार नाही. कायदाच आहे तसा. बाकीचे ओरखडे तेवढे जातील.”

बाकीचा ओरखडा एकच होता. एक मीटर सेहेचाळीसवरचा. तो माझा भाऊ ओबँ.

१ मीटर ७८. डिसेंबर १९१०

त्याच महिन्यात कोराली आली. माझ्या शेवटच्या वर्गातली, आता नदीखात्यात आहे. ल्वारकाठच्या सगळ्या पूररेघांची यादी करत हिंडत होती. मागोमाग शेजारचा अनातोल आला, बादलीत दोन वामी घेऊन. ओबँ आणि तो शाळेत एका बाकावर बसायचे. ऐंशी उलटली तरी मला चिडवायची संधी तो सोडत नाही.

“बाई, मोठी माणसं आलीत दारी,” तो म्हणाला. “आणि तू कॉफीसुद्धा विचारत नाहीस?”

“विचारली असती. पण तू चार कप पितोस.”

कोराली दगडावरून बोट फिरवत होती. “बाई, ही एक मार्च एक्कावन्न कुठली? माझ्या यादीत नाही. इतर घरांवरही नाही.”

“इतर घरांवर नाही, कारण...” मी सुरुवात केली.

“कारण इतर घरांत आळशी माणसं!” अनातोलने बादली खाली आपटली. “एक्कावन्नचं पाणी! अरे देवा. मी बारा वर्षांचा. आमची शेळी पोटमाळ्यावर चढवली होती. उतरायला तयार होईना.”

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरचं बोलणं मी त्याला सांगितलं होतं. तो काय करतोय ते मला कळलं.

“बाई,” कोराली म्हणाली, “तुम्हीच सांगायच्या, एका तोंडावर इतिहास लिहू नये, दोन साक्षी हव्यात. अनातोलकाका एक झाले. तुम्ही?”

“दगडावर आहे ते आहे,” मी म्हणाले.

इतकं गुळगुळीत वाक्य मी एकाही उत्तरपत्रिकेत खपवून घेतलं नसतं. कोरालीने लिहून घेतलं.

१ मीटर ४६. १ मार्च १९५१

प्रश्न पहिला. या दिवशी नदीची पातळी किती होती?

उत्तर. धक्क्याची खालची पायरीही भिजली नव्हती. ऊन होतं.

प्रश्न दुसरा. मग रेघ कशाची?

उत्तर. एक मार्च हा ओबँ ज्याच्या नावाचा, त्या संताचा दिवस. पप्पा दर वर्षी त्याला दगडाला टेकवून उभा करायचे आणि कोळशाने खूण करायचे. माझीही करायचे, माझ्या दिवशी. बाराव्या वर्षी मुलगा कामाला लागतो म्हणून त्या दिवशी पप्पांनी छिन्नी ओबँच्याच हातात दिली. “मार तुझी रेघ. आजपासून तू पाथरवट.”

त्याने मारली. जीभ बाहेर काढून, श्वास धरून. आकडे नंतर पप्पांनी कोरले, पुराच्या रेघांना कोरत तसेच, कारण त्यांना दुसऱ्या तऱ्हेने येत नसत. रेघ डावीकडे अंगठाभर उतरली होती.

“ही रेघ आहे की दारुड्याची घरी जायची वाट?” पप्पा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मीही हसले, नऊ वर्षांची.

प्रश्न तिसरा. परिणाम लिहा.

उत्तर. पप्पा ते पाच वर्षं म्हणत राहिले. जेवताना, कामावर, पाहुण्यांसमोर. अठरावं लागलं त्या वर्षीच्या सप्टेंबरात ओबँ वाळूच्या होडीतून नांत बंदराला गेला, तिथून जहाजावर. पुढे दोन पोस्टकार्डं आली. दुसरं समुद्रापलीकडच्या वालपरायसो बंदरातून, एकसष्ट साली. ‘इथे नदीच नाही, एकदम समुद्र. दगड आहे का अजून?’

मी त्याच दिवशी लिहिलं, आहे. तीन महिन्यांनी माझं पत्र परत आलं. वर शिक्का होता, पत्ता सोडला.

पप्पांना ती रेघ सरळ करायला दोन मिनिटं लागली असती. मरेपर्यंत केली नाही.

० मीटर ९२. डिसेंबर १९८२

या पुरानंतर भिंत धुताना माझ्या कोळशाच्या खुणा गेल्या. ओबँची कोरलेली, ती राहिली.

कोरालीची यादी एप्रिलात लागली. नगरभवनाच्या दारात मोठा फलक, त्यावर ओळीने सालं. १८५६, १८६६, १९१०, १९५१, १९८२. डॉक्टरचं पत्र आलं, पाचही रेघांना हात लावणार नाही. त्या रात्री मी निवांत झोपले. काम झालं होतं. ओबँ आला, तर दगड असणार होता.

मग गावाला आठवायला लागलं.

आधी पाववालीला. “आमच्या आजीच्या कोंबड्या एक्कावन्नमध्येच वाहून गेल्या म्हणे.” मग वरच्या गावातल्या एका म्हाताऱ्याला, ज्याच्या अंगणात नोहाच्या महापुरातही पाणी आलं नसेल. अनातोलची शेळी मे महिन्यापर्यंत गाय झाली. शाळेच्या भिंतीवर मुलांची चित्रं लागली, निळं पाणी, निळ्या पाण्यात आमचं दार.

“आवर तुझी गाय,” मी अनातोलला म्हटलं.

“आता ती माझी राहिली नाही, बाई. काल मला दुसऱ्याच कोणीतरी तिची गोष्ट सांगितली. माझ्यापेक्षा चांगली.”

जूनमध्ये पाववाली सुटे पैसे परत देताना थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, “विचारू का? तुमचा भाऊ... त्याच पुरात गेला ना हो? आई म्हणत होती.”

मी पाव तिथेच विसरून घरी आले.

पासष्ट वर्षं मी त्याला बुडू दिलं नव्हतं. त्याची कुठे कबर केली नाही, चर्चमध्ये मेणबत्ती लावली नाही. त्याची खुर्ची अनातोललासुद्धा दिली नाही. माझ्या हिशेबी तो बंदरावरच्या कुठल्यातरी खोलीत म्हातारा होत होता, दात पडलेला, चिडखोर. आणि गावाने त्याला एका न आलेल्या पाण्यात बुडवलं. पाणी मीच सोडलं होतं.

० मीटर ००. उंबरा

जुलैत कोराली पितळी पट्ट्या बसवायला आली. प्रत्येक रेघेशेजारी एक. पट्टी नीट बसावी म्हणून ती रेघेला पाणसळ लावून बुडबुडा मधोमध येतो का बघत होती. १९१०, बुडबुडा मधोमध. १९८२, मधोमध. १९५१ ला बुडबुडा उजवीकडे पळाला.

तिने पाणसळ उलटी करून पुन्हा लावली.

“घर खचलंय,” अनातोल कुंपणापलीकडून म्हणाला.

“मग बाकीच्या रेघाही कलल्या असत्या, काका.” ती माझ्याकडे वळली. “बाई?”

एवढंच बोलली. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या मुलीचा चेहरा. तिने मला वाट करून दिली होती. दगड हलला असेल, एवढं मी म्हटलं असतं तरी तिने पट्टी ठोकली असती.

“पाणी तिरकं उभं राहत नाही, कोराली,” मी म्हणाले. “ती माझ्या भावाची उंची आहे. त्या वर्षी पूर आला नाही. मी खोटं बोलले.”

अनातोलने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“बाई, पुराची नाही म्हटल्यावर ती यादीतून जाणार,” ती म्हणाली. “मग डॉक्टर...”

“घासेल. माहीत आहे.”

“मग इथे काय लिहू?”

“काय आहे ते लिही. ओबँ रेनॉर्द, वय बारा. उंची एक मीटर सेहेचाळीस. रेघ स्वतः मारली. तिरकी. छप्पन्न सालच्या सप्टेंबरात नदीने खाली गेला.” माझा आवाज वर्गातला झाला होता. “बुडाला नाही, असंही लिही.”

ती उंबऱ्यावर बसून लिहीत राहिली. फलकावरचं साल दुसऱ्या दिवशी झाकलं गेलं. पाववालीला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं. कोंबड्यांचं मात्र तिने मागे घेतलं नाही.

उणे ० मीटर ८०. ऑगस्ट

पुलाच्या मोजपट्टीवर नदी शून्याच्या खाली गेली आहे. दरवर्षी या दिवसांत जाते. धक्क्यापासून बेटापर्यंत वाळू, मधून पाण्याच्या दोन-तीन दोऱ्या. मूल चालत पलीकडे जाईल. ओबँ जायचा, चपला गळ्यात अडकवून.

घराच्या किल्ल्या द्यायला तीन आठवडे आहेत. डॉक्टरला फोन केला होता. तो सभ्यपणे म्हणाला, एक कोपरा काळा ठेवला तर भिंत वाईट दिसेल.

संध्याकाळी अनातोल वामीचं कालवण घेऊन आला. मी दगडाला पाठ लावून उभी होते, टाचा भिंतीला, हनुवटी सरळ, पप्पा उभं करायचे तशी.

“हे काय नवीन?”

“मोज.”

त्याने पातेलं खाली ठेवलं. तळवा माझ्या डोक्यावर आडवा धरला आणि मागे वाकून बघितलं. हाताला कांद्याचा वास होता.

“अजून चार बोटं उंच आहेस त्याच्याहून.”

“चाळिशीत आठ होते.”

“म्हणजे येत्येस खाली.”

“तीन आठवड्यांत होईल?”

“शाळेत कोणाला कधी घाई करू दिली नाहीस,” तो म्हणाला. हात त्याने तिथेच ठेवला होता. “वाकू नकोस. वाकलेलं धरत नाहीत.”

मी वाकले नाही. समोर नदी होती, तिची एक दोरी डावीकडे, नांतच्या दिशेने, उतरत चालली होती.