रीडची किल्ली

आमच्या गावच्या ज्युनियर आइस हॉकी संघात बाहेरगावची पोरं येतात आणि कुणाच्या तरी घरी राहतात. रीड कोवालचुक आमच्याकडे तीन वर्षं राहिला. आता मोठ्या लीगमधला त्याचा अकरावा सीझन, कॉर्नफ्लेक्सच्या डब्यावर त्याचा फोटो. तरी आमच्या घराची किल्ली अजून त्याच्याकडेच होती. दर सप्टेंबरला यायचा, दार उघडून थेट फ्रिजकडे.

मला गोलकीपर त्यानंच केलं. गॅरेजच्या दारासमोर उभी करून टेनिसचे चेंडू मारायचा. एक जरी आत गेला, तर म्हणायचा, "काय गं चाळणी?"

आता मी सोळाची आहे, आमच्या मुलींच्या संघाची कॅप्टन आहे आणि सांगायला हरकत नाही, चांगली आहे. गावात बर्फाचं रिंक एकच. खूप भांडून आम्ही तिथली गुरुवारची दुपार सरावासाठी मिळवली होती. या वर्षी एका नव्या अकादमीनं तीच मागितली. निर्णय गावच्या सभेत होणार होता. मी रीडला फोन केला.

"सभेला येतो, बोलतो," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी बोलणार?"

तो आला. सगळं गाव उभं राहिलं. मी पहिल्या रांगेत, जर्सी घालून. खुर्चीवर अकादमीचं पत्रक होतं. खाली संस्थापकाचं नाव: रीड कोवालचुक.

"मुलींनी रविवारी सकाळी सहाला खेळावं," तो माइकवर म्हणाला. "शिस्त लागते. मीही तसाच शिकलो."

टाळ्या पडल्या. मी उठले. "तू मला शब्द दिला होतास, रीड."

तो हसला. "चाळणी चिडली वाटतं."

सगळे हसले. मग हात वर झाले आणि आमचा गुरुवार गेला.

संध्याकाळी आईनं नेहमीसारखे त्याच्यासाठी पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या छोट्या करंज्या, उकडले. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही. मी आतून कडी घातली होती.

"कडी काढ गं."

"आधी दार वाजव."

"आँ? मी?"

"पाहुणे वाजवतात."

मग त्यानं दोनदा वाजवलं, अगदी हळू. मी दार उघडलं आणि तळहात पुढे केला. रीडनं आईकडे पाहिलं. आई पेरोगींवर कांदा घालत राहिली.

त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"बसा," मी म्हणाले. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदाच अहो-जाहो केलं.