शून्याचा ठेका

धाकटीने ताईला कारखान्यात आणलं ते चक्क थाप मारून. ताई नाचाचा वर्ग चालवायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्ग कायमचा बंद करायचं तिने ठरवलं होतं. आणि ताईने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी फरक पडत नसे.

सुट्टीमुळे सगळं सामसूम होतं. वेल्डिंगचा रोबोट, म्हणजे माणसाहून उंच असा एकच मोठा हात, मान टाकून उभा होता. धाकटी त्याची प्रोग्रामर. एरवी रोबोटला सगळं आधीच लिहून द्यायचं, मग तो वर्षभर तेच घोकतो. धाकटीने वेगळीच युक्ती काढली होती. तो हलत असतानाच ती प्रोग्रामच्या ओळी बदलायची, आणि पुढच्या ठेक्याला तो नवं वळण घ्यायचा.

"तू जमिनीवरच्या या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे नाच, तो पलीकडे," धाकटी म्हणाली.

"या गुडघ्यावर? आणि जोडीला हा खांब?" ताई फणकारली. पण पाय कुठे ऐकतात! ती उभी राहिलीच.

"एक, दोन, तीन..." ताई मोजू लागली. रोबोट दर वेळी एक हालचाल पुढे.

"याची गाडी सुटतेय का गं?"

धाकटीने कपाळावर हात मारला. प्रोग्रामर मंडळी शून्यापासून मोजतात. ताईच्या 'एक'ला रोबोट पहिली हालचाल सोडून थेट दुसरी करत होता.

"आणि शून्यावर काय करतात तुमच्यात?"

"पहिली हालचाल. माझा घोळ झाला, थांब." तिने शून्य पुसलं आणि मोजणी एकपासून केली. मग मात्र दोघांचं छान जमलं. ताई वळली की हात वळे, ताई झुकली की झुके. ताई चक्क हसत होती.

आणि एका गिरकीत गुडघा अडकला. ताई जागच्या जागी थिजली, चेहरा पांढराफटक. धाकटीची बोटं कीबोर्डवर धावली. पुसलेलं शून्य तिने परत घातलं, पण रिकामं: काही न करता नुसतं थांबायचा ठेका. रोबोटचा हात अलगद खाली आला आणि तसाच थांबून राहिला.

ताईने श्वास घेतला. पाय सरळ केला. मग हळूच म्हणाली, "एक." हात तिच्याबरोबर उठला.

नाच संपल्यावर ती खुर्चीत बसून मनसोक्त रडली. "सगळे मला 'जप, जप' म्हणतात गं. माझ्यासाठी थांबलं कुणी नाही."

मग नाक पुसून वर्गातल्या बाईंच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सोमवारी वर्गावर ये. मुलींना सांगायचंय, यापुढे आपणही शून्यापासून मोजणार."