शंभूचं पान

आमच्या घराची फरशी इतकी स्वच्छ असते, की चपला बाहेर काढून आलेल्या पाहुण्याला आपले पायही बाहेरच ठेवून यावेत असं वाटत असेल. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या फरशीपायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत. मालन, म्हणजे माझी बायको, तिला घाण दिसली की जेवण जात नाही. परभणी सोडून मी कारखान्याच्या नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा भोसरीत एक खोली होती आम्हाला. त्या एका खोलीत दोन लेकरं, स्टोव्ह, मोरी, माझे ग्रीस लागलेले कपडे. तिथंही मोरीत बसून जेवावं अशी मोरी ठेवायची ती.

धायरीचा हा फ्लॅट आमच्या शंभूनं घेतला. आयटीत लागला होता. सोसायटीचं नाव इंग्रजी आहे, त्याचा अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही. खडकवासल्याचं धरण इथून हाकेच्या अंतरावर, आणि नळाला पाणी टँकरचं. असो. सातवा मजला शंभूनंच निवडला. म्हणाला, "आई, इथपर्यंत धूळ येत नाही. हवा बघ कशी मोकळी आहे. आता तुझं निम्मं काम गेलं." मालन बाल्कनीत उभी राहून ती हवा इतक्या कौतुकानं खात होती, जणू तीही पोरानं पगारातून आणून दिली होती.

दुसऱ्या वर्षी कंपनीतून येताना बायपासवर ट्रकनं त्याच्या गाडीला मागून उडवलं. याबद्दल मी आणखी काही बोलणार नाही.

वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरचा पितृपंधरवडा आला. पोराचं पान बापानं ठेवायचं. देवानं ही वेळ वैऱ्यावरही आणू नये. गच्चीला कुलूप, सेक्रेटरी म्हणाले गच्चीवर अन्न टाकायला परवानगी नाही. मग बाल्कनीच्या कठड्यावरच पान ठेवलं. भात, खीर, वडे, गवारीची भाजी. मी काव काव करून घसा बसवून घेतला. कावळा काही आला नाही. आमच्या सातव्या मजल्याकडे कावळे फिरकतच नाहीत, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मालन दारात बसून होती. "त्याची काहीतरी इच्छा राहिली," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दुपार टळत आली आणि एक कबूतर येऊन कठड्यावर बसलं. मी हाकलायला उठलो तर मालननं माझा हात धरला. कबुतरानं भात खाल्ला. सगळा भात खाल्ला, आणि गवारीच्या भाजीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आता कबूतर गवार कशाला खाईल? पण आमचा शंभूही गवार दिसली की ताट सरकवायचा. आधी भात संपवायचा, मग बाकीचं. मालन त्या पक्ष्याकडे बघून हळूच म्हणाली, "खायलंय बघा." वर्षभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला होता. त्या चेहऱ्यासमोर कावळा आणि कबूतर यांतला फरक सांगत बसण्याइतका मी शहाणा नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे कबुतरांची पंगत सुरू झाली. मी मार्केट यार्डातून ज्वारी आणायचो, पिशवी उचलून आणताना कुरकुरायचो आणि तरी आणायचो. एकाची दहा झाली, दहाची किती झाली ते त्यांनाच माहीत. एसीच्या बाहेरच्या पेटीमागं त्यांनी घरटी घातली. आणि घाण म्हणाल तर विचारू नका. कठडा, फरशी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, सगळं पांढरंहिरवं.

मला वाटलं, ही बाई आता स्वतःच त्यांना हाकलेल. जिला माझ्या चहाच्या कपाचा ठसा चालत नाही, ती हे कसं चालवून घेईल? पण मालन रोज सकाळी खराटा आणि पत्र्याचा तुकडा घेऊन बाल्कनीत बसायची आणि वाळलेली घाण खरवडायची. पाणी घ्यायची नाही. एक तर टँकरचं पाणी जपून वापरायचं, आणि ओलं केलं की घाण पसरते, कोरडी कशी सुटून येते, हा तिचा जन्माचा शिरस्ता. खरवडायची, झाडायची, सुपलीत भरायची. उन्हात तो भुगा तिच्या डोक्याभोवती उडताना दिसायचा. ती उठली की बाल्कनी अशी लखलखीत, की काल इथं काही झालंच नव्हतं.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अगं, किळस कशी येत नाही तुला?"

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "लहानपणी त्याचं काढलंच की मी. तेव्हा आली होती का किळस?"



खोकला कधी सुरू झाला ते नक्की सांगता येत नाही. आधी कोरडा होता. अडुळसा झाला, मध-हळद झाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दमा म्हणून तोंडात मारायचा पंप दिला. मग जिना सोडा, देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत आलं तरी ती भिंतीला टेकायला लागली. तरी सकाळचा खराटा सुटला नव्हता. शेवटी आमची मुलगी उत्कर्षा, ती हिंजवडीला नोकरी करते, रजा टाकून आली आणि आम्हाला फुप्फुसांच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीचा फोटो दिव्यावर लावला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "काकू, घरात कबुतरं आहेत का?"

मीच म्हणालो, "पाळलेली नाहीत. येतात."

"साफ कोण करतं?"

"मीच करते," मालन म्हणाली. आवाजात अभिमान होता. "रोज करते. एक दिवस चुकवत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ श्वासातून आत जाते. काहींच्या फुप्फुसांना ती सोसत नाही, सुजतात आणि हळूहळू कडक होतात. भांडी घासायचा स्पंज वाळून दगड होतो तसं. जे कडक झालं ते पुन्हा मऊ होत नाही. जे उरलंय ते वाचवता येईल कदाचित, पण एकच अट. कबूतर घराच्या आसपास दिसता कामा नये आणि काकूंनी झाडूला हात लावता कामा नये.

म्हणजे घर घाण ठेवलं असतं तर बाई धडधाकट राहिली असती. मला तिथंच हसू आलं आणि उत्कर्षानं माझ्याकडे रागानं पाहिलं. हसू कसलं ते, दुसरं काही सुचलं नाही म्हणून आलं.

गाडीत उत्कर्षा म्हणाली, "बाबा, उद्याच्या उद्या जाळी लावून घ्या. नो डिस्कशन."

मालन म्हणाली, "जाळी लावायची नाही."

"आई, तुला श्वास घेता येत नाहीये."

"मग त्यानं कुठं जायचं?"

उत्कर्षा सिग्नलला गाडी थांबवून रडली. मी रडलो नाही. मी मच्छिंद्र नावाच्या जाळीवाल्याला फोन लावला.

तो आला त्या दिवशी मालननं स्वतःला आतल्या खोलीत कोंडून घेतलं. मच्छिंद्रनं घरटी काढली, दोन्हीकडून हूक मारले आणि नायलॉनची जाळी ताणून बसवली. मी तोंडाला फडकं बांधून दोन बादल्या पाण्यानं बाल्कनी धुतली. संध्याकाळी कबुतरं आली. जाळीवर आपटली, पंख फडफडवले, पुन्हा आपटली. एक तर जाळीला नखं रुतवून बराच वेळ आत बघत लटकलं होतं. मालन तेवढ्यात बाहेर आली होती. काचेच्या दारामागं उभी राहून तिनं ते पाहिलं. मला म्हणाली, "तुमच्या हातानं केलंत." त्यानंतर तिनं जाळीचा विषय काढला नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घर मी सांभाळायला लागलो. ओल्या फडक्यानं पुसायला शिकलो. ती खुर्चीत बसून हुकूम सोडायची. "कोपरा राहिला." "फडकं पिळलं नाही नीट." "ती काय फरशी पुसायची तऱ्हा झाली?" बोलताना धाप लागायची, तरी बोलायची, आणि मला ते ऐकून धीर यायचा. वाटायचं, वाचली. गोळ्यांनी चेहरा सुजला होता, पण कोपरा दिसतोय म्हणजे वाचली.

आषाढात पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, "काका, धूळ थांबली, पण कडक होणं थांबलेलं नाही. आपण उशिरा आलो." मग ऑक्सिजनच्या मशिनबद्दल सांगितलं. ते पलंगाशेजारी कसं ठेवायचं, गाळणी कशी धुवायची. मी मान हलवत होतो. डोक्यात एकच होतं. मी तिच्याकडून तिचं पोर काढून घेतलं ते तिचा श्वास वाचवायला, आणि श्वास तर वाचत नव्हता.

मशीन आलं. दिवसभर घरघर करतं. नाकात नळी घालून मालन पलंगावर बसते, पलंग आता बैठकीच्या खोलीत, बाल्कनीच्या समोर. पितृपंधरवडा आला. शंभूच्या तिथीला सकाळी ती म्हणाली, "अहो."

"काय गं?"

"आता काय फरक पडायलाय? काढा ना ती."

मी वाद घातला नाही. कात्री घेतली आणि जाळी कापली. उत्कर्षाला कळवलं नाही. तिला यायला संध्याकाळ होणार होती. स्वयंपाक मीच केला. भात जरा गिचका झाला, वडे तेलकट झाले, गवार बरी जमली. पान कठड्यावर ठेवलं, बाजूला मूठभर ज्वारी टाकली. काच ओढून घेतली, तिला धूळ नको म्हणून. मग आम्ही दोघं बघत बसलो.

कुणी आलं नाही. समोरच्या इमारतीत कुणीतरी दाणे टाकतं, कबुतरं आता तिकडे जातात. इथून दिसतात, सगळा कठडा भरलेला असतो. तिकडून उडून इकडे यावीत म्हणून मी दोनदा बाल्कनीत जाऊन टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी खालून बघत होते, बघू देत. मालन बसून बसून थकली आणि दुपारी तिचा डोळा लागला. झोपेतही तिचा हात चादरीवरून काहीतरी झाडत होता.

मी बाल्कनीत गेलो. काच मागं हळूच ओढली. पितरांचं पान घरच्यांनी खायचं नसतं, हे मला माझ्या आज्यापासून माहीत आहे. मी कठड्याशी उभा राहिलो आणि पानावरचा भात खाल्ला. गार झालेला, गिचका भात. सगळा खाल्ला. एक शीत ठेवलं नाही. ज्वारी उचलून खिशात घातली. गवारीला हात लावला नाही.

तिला जाग आली तेव्हा मी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो.

"आला होता का?"

"आला होता की. तू झोपली होतीस."

ती कोपरावर भार देऊन उठली. मी तिला धरलं. काचेतून तिनं पान पाहिलं. "भात संपला," ती म्हणाली. "गवार तशीच."

"तशीच," मी म्हणालो.

ती बघत राहिली. पानाकडून तिची नजर कठड्यावर गेली, तिथून खाली फरशीवर, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. आयुष्यभर बघत आली तशी. फरशी सकाळी मी पुसली होती तशीच होती. शीत नाही, दाणा नाही, पीस नाही, एक ठिपका नाही. मशीन घरघरत होतं. मला वाटलं, आता बोलेल. मग तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि माझ्यापुढं धरलं.

"तोंड पुसा," ती म्हणाली.